सायकलवरची बर्गी

आईला पाडणारा माणूस सायकलवरून खाली उतरला नाही. त्यानं फक्त एक पाय जमिनीला टेकवला. दुसरा पाय पॅडलवर तसाच ठेवला, निघायच्या तयारीत. तो दुसरा पाय मी आयुष्यभर विसरले नाही.

अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, नोकरी केंद्र सरकारातली. स्वातंत्र्य मिळून थोडी वर्षं झाली होती तेव्हा त्यांची नागपूरहून कलकत्त्याला बदली झाली. भवानीपूरच्या एका गल्लीत आम्ही पहिल्या मजल्यावर भाड्यानं राहू लागलो. मी एकुलती एक, नुकतीच कॉलेजात गेलेली. खालच्या मजल्यावर घरमालकीण राहायच्या. पांढऱ्या पातळातल्या, पान खाणाऱ्या, मोठ्या आवाजाच्या विधवा बाई. सगळी गल्ली त्यांना माशीमा म्हणायची, म्हणजे मावशी. आम्हीही म्हणू लागलो.

आई चालणारी बाई होती. लुगड्याचा काष्टा घट्ट मारायचा, हातात कापडी पिशवी घ्यायची आणि निघायचं. तिकडे बाजारहाट पुरुषांनी करायची पद्धत. बाबू लोक सकाळी पिशवी घेऊन मासळी निवडताना दिसायचे. त्यांच्यात ही नऊवारीतली मराठी बाई वांगी दाबून बघायची, भाव करायची आणि ट्राममध्ये न बसता पायीच घरी यायची. हातरिक्षात ती कधी बसली नाही. "माणसानं ओढलेल्या गाडीत माणसानं काय म्हणून बसायचं? मला पाय आहेत," असं म्हणायची. त्या परक्या शहरात तिला ना बंगाली येत होतं, ना कुणी मैत्रीण होती. पण चालून चालून तिनं ते शहर स्वतःचं करून घेतलं होतं. कुठल्या कोपऱ्यावर चांगला कढीपत्ता मिळतो, कुठल्या घराच्या ओट्यावर मांजराची पिल्लं झालीत, सगळं तिला माहीत असायचं.

त्या वर्षांत चालणं सोपं नव्हतं. फाळणीनंतर पूर्वेकडून आलेली माणसं फुटपाथवरच संसार थाटून होती. चुली, गोणपाटाचे पडदे, फळकुटांवर विकायला मांडलेला किरकोळ माल. त्यांच्या चुलीवर पाय देऊन कसं जायचं? म्हणून चालणारे खाली रस्त्यावर उतरत. रस्त्याच्या मध्ये ट्राम. सायकलचं चाक रुळाच्या खाचेत अडकलं तर माणूस तोंडावर आपटतो, म्हणून सायकलवाले रुळांपासून लांब, रस्त्याच्या कडेला येत. असे चालणारे आणि सायकलवाले हातभर पट्ट्यात एकमेकांना घासून जायचे. त्यातही सांभाळून जाणारे पुष्कळ होते. आईला पाडणारा तसा नव्हता.

सकाळची वेळ होती. कॉलेजला सुट्टी होती म्हणून मी आईबरोबर बाजारात गेले होते. येताना आमच्या गल्लीच्या तोंडाशी मी चार पावलं पुढे होते. मागे घंटी वाजली, एकदाच आणि अगदी जवळ. मी वळले तेव्हा सायकलच्या हँडलला आईची पिशवी अडकली होती आणि आई तिच्याबरोबर ओढली जात होती. मग पिशवीचा बंद तुटला आणि आई गटाराच्या दगडी काठावर गुडघ्यावर आदळली. तो आवाज मी ऐकला.

सायकलवरचा गृहस्थ पन्नाशीचा होता. स्वच्छ धोतर, अंगात कोट, सोनेरी काड्यांचा चष्मा. मागच्या कॅरिअरला चामड्याच्या पट्ट्यानं बांधलेली काळी पेटी. त्यानं एक पाय टेकवला, मान वळवली आणि पहिल्यांदा पेटीला हात लावून बघितला. ती जागच्या जागी होती. मग चाकाच्या तारांत अडकलेलं आमचं वांगं काढून फेकलं आणि आईकडे बघून म्हणाला, "बुडी मानुष, घरे बोशे थाकते पारेन ना?"

म्हातारी बाई, घरात बसून राहता येत नाही का?

आणि गेला.

मी धावले. "ओ, थांबा!" असं मराठीतच ओरडत धावले. पातळ पायात येत होतं, चपलेचा अंगठा तुटला, ती तिथंच टाकून अनवाणी धावले. तो वळून बघतही नव्हता. घाईनं पॅडल मारतोय असंही नव्हतं. नेहमीच्या संथ गतीनं तो जात होता आणि तरी माझ्यापासून लांब लांब होत गेला. नाक्यावर वळला आणि दिसेनासा झाला. मी तिथं धापा टाकत उभी राहिले तेव्हा एक गोष्ट मला लख्ख कळली. पायी माणूस सायकलवाल्याला कधीच गाठू शकत नाही, आणि हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

परत आले तर माशीमा आईला ओट्यावर बसवून गुडघ्यावर चुना आणि हळद लावत होत्या. गुडघा नारळाएवढा सुजला होता. इस्पितळात न्यायला मिळाली ती हातरिक्षाच. आई त्यात बसली तेव्हा रडली. पाय दुखत होता म्हणून असेल, पण मला सारखं वाटतं, पुढे पळणाऱ्या त्या हाडकुळ्या माणसाची पाठ दिसत होती म्हणून ती रडली. गुडघ्याची वाटी फुटली होती. मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर घातलं. तिथले डॉक्टर म्हणाले, हाड जुळेल, पण पाय पूर्वीसारखा वाकेल असं धरून चालू नका.

आई तेव्हा बेचाळीस वर्षांची होती. प्लास्टरमधला पाय लोडावर ठेवून ती पलंगावर पडलेली असायची आणि मधेच, काही विषय नसताना, म्हणायची, "बुडी म्हणाला मला."

अण्णा मवाळ स्वभावाचे होते. ते पोलीस चौकीवर जाऊन आले. तिथल्या अधिकाऱ्यानं त्यांना चहा पाजला, सहानुभूती दाखवली आणि विचारलं की नाव नाही, पत्ता नाही, या शहरात धोतर आणि चष्मा घालून सायकल चालवणारे किती बाबू असतील? अण्णांना ते पटलं. घरी येऊन ते म्हणाले, "जाऊ दे गं. अपघात तो अपघात. तो मुद्दाम थोडाच आला अंगावर?"

आई म्हणाली, "मी पडले तो अपघात. तो निघून गेला त्याला काय म्हणायचं?"



संध्याकाळी अण्णा फिरायला गेल्यावर आईनं मला जवळ बोलावलं. "तू त्याला बघितलंस ना नीट?"

"नीट बघितलंय."

"मग शोधून काढ त्याला."

तिनं दुसरं काही सांगितलं नाही, आणि मलाही दुसरं काही ऐकायचं नव्हतं.

त्यानंतर कॉलेजला जाता-येता मी फक्त सायकली बघायची. तो मला दिसलाही. एकदा हाजरा रोडवर आणि एकदा कालीघाटकडे जाणाऱ्या रस्त्यावर, तीच काळी पेटी, तोच कोट. दोन्ही वेळा मी धावले आणि दोन्ही वेळा तो सुटला. दुसऱ्या वेळी तर त्यानं माझ्या डोळ्यांदेखत एका छत्रीवाल्या म्हाताऱ्याला घंटी वाजवून भिंतीशी दाबलं आणि पुढे गेला. म्हातारा बिचारा स्वतःच ओशाळून हसला. त्या हसण्याचाही मला संताप आला.

माझ्या वर्गात एक अँग्लो-इंडियन मुलगी होती. मैदानापलीकडून रोज लेडीज सायकलवर यायची. आमच्यात सायकल चालवणारी ती एकटीच. मी तिला म्हटलं, मला शिकव. तिनं विचारलं, कशाला? मी खरं ते सांगितलं. ती खूप हसली आणि म्हणाली, याहून चांगलं कारण मी ऐकलेलं नाही.

पहाटे आम्ही मैदानावर जायचो. फोर्ट विल्यमच्या बाजूला गवत दाट होतं, पडलं तरी लागत नसे. लांबवर जवानांची कवायत चालायची आणि त्यातले कडेचे जवान डोळ्यांच्या कोपऱ्यातून मला पडताना बघायचे. मी पुष्कळ पडले. पाचवारी पातळ साखळीत जायचं, पदर मागच्या चाकात जायचा. एकदा निम्मं पातळ काळं करून घरी आले तेव्हा अण्णा म्हणाले, "आता पुरे. एकीचा पाय मोडलाय, दुसरीचा मोडायला नको."

आई पलंगावरून म्हणाली, "अहो, शिकू दे तिला. ट्रंकेतलं माझं निळं लुगडं काढा."

पाय लांब ठेवून, बसल्या जागेवरून तिनं मला नऊवारी नेसायला शिकवली. "मागं घट्ट खोच. अजून घट्ट. आता टांग टाकून बघ." मी खोलीत टांग टाकून बघितली. दोन्ही पाय मोकळे, पदर कमरेला. "घोड्यावर बसायच्या बायका हेच नेसून," आई म्हणाली, "मग सायकलीचं काय घेऊन बसलीस?" दुखणं सुरू झाल्यापासून त्या दिवशी ती पहिल्यांदा खुशीत दिसली.

माझी मैत्रीण पुढच्याच महिन्यात आईवडिलांबरोबर विलायतेला कायमची निघून गेली. तेव्हा त्यांच्यातली कितीतरी घरं अशी उठून जात होती. जाताना सायकल मला देऊन गेली. म्हणाली, "त्याला पकड."

एका सकाळी, ट्रामरस्त्याच्या नाक्यावर मी सायकल धरून उभी असताना, तो आला. मी त्याला पुढे जाऊ दिलं आणि मागं लागले. इतक्या दिवसांनी पहिल्यांदाच आमच्यातलं अंतर वाढत नव्हतं. तो रूळ तिरके ओलांडायचा, मीही तिरके ओलांडले. तो बोळात शिरला, मीही शिरले. त्याच्या मागच्या चाकाशी पोचल्यावर मी घंटी वाजवली आणि वाजवतच राहिले. त्यानं वळून बघितलं, बाजूला झाला, मला पुढे जायला जागा दिली. मी पुढे गेले नाही. त्यानं पुन्हा वळून बघितलं. लुगडं नेसलेली, काष्टा मारलेली मुलगी सायकलवर आपल्या मागं का लागलीय, हे त्याला कळेना. तो जोरात चालवू लागला. मी एकोणीस वर्षांची होते. त्याच्यापेक्षा जोरात मी चालवू शकत होते.

तो थांबला तो एका दवाखान्यासमोर. आत बाकावर माणसं बसली होती. कुणाच्या मांडीवर मूल, कुणाचा कान बांधलेला. सगळी उठून उभी राहिली. "नमोश्कार, डॉक्टरबाबू."

डॉक्टर! होमिओपॅथीचा डॉक्टर. त्या काळ्या पेटीत औषधाच्या बाटल्या होत्या. आईचा गुडघा फुटला तेव्हा याच्या कॅरिअरवर दवाखाना बांधलेला होता आणि यानं पेटी सुखरूप आहे एवढंच बघितलं होतं. त्या क्षणापर्यंत मला नुसता राग होता. त्यानंतर मात्र त्या माणसाला सुखानं जगू द्यायचं नाही, असं मी ठरवूनच टाकलं.

मी दारात सायकल आडवी उभी केली आणि माझ्या मोडक्या बंगालीत, हिंदी मिसळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. माझ्या आईला यांनी पाडलं. तिचा गुडघा फुटला. हे डॉक्टर खाली उतरले नाहीत. बुडी म्हणाले आणि गेले.

डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले, "मला आठवत नाही. रस्त्यावर माणसं मध्ये मध्ये येतात. कोण कुठं पडलं, सगळं कसं लक्षात राहणार?"

"वांगं आठवतंय का? तुमच्या चाकात अडकलं होतं ते?"

त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. त्यांना आठवत होतं. पेटी उघडून त्यांनी पांढऱ्या गोळ्यांची कुपी काढली आणि माझ्यासमोर धरली. "मुक्या मारावर उत्तम. सकाळ-संध्याकाळ जिभेखाली ठेवायला सांग."

"तुम्ही येऊन द्या," मी म्हटलं. "आईसमोर उभे राहा आणि द्या."

"मला वेळ नाही."

"मग मला आहे," मी म्हटलं.

बाहेर येताना कान बांधलेली एक बाई माझ्या मागं आली आणि हळूच म्हणाली, "मुली, ते चांगले आहेत गं. गरिबाला फुकट औषध देतात." ते खोटं नव्हतं, पुढे अनेकांनी मला तेच सांगितलं. पण मला त्याचं काही वाटलं नाही. बाकावर येऊन बसलेला माणूस त्यांच्या लेखी माणूस होता. रस्त्यात पायी चालणारा नव्हता. माझी आई बाकावर बसायला गेलीच नव्हती, ती रस्त्यात चालत होती.

दुसऱ्या दिवसापासून माझं काम सुरू झालं. सकाळी ते घरोघरी रोगी बघायला निघायचे आणि मी त्यांच्या मागं असायची. अगदी मागं नाही, धक्का लागेल इतकं नाही. घंटी नीट ऐकू येईल इतकं. ते थांबले की मी थांबायची. ते कुणाच्या घरात गेले की मी बाहेर झाडाखाली उभी राहायची आणि ते बाहेर आले की घंटी वाजवायची. ते एकदा रागानं माझ्यावर धावून आले. "की चाओ तुमि? काय पाहिजे तुला?" मी म्हटलं, "आमच्या घराचा नंबर सांगू?" ते निघून गेले. मग मी वाजवत मागं.

कॉलेजची वेळ झाली की मी त्यांना सोडायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा. पाऊस असला तरी. मला कंटाळा येईल असं त्यांना वाटलं असणार. त्यांना माझी आई माहीत नव्हती. रात्री जेवताना ती विचारायची, "आज कुठपर्यंत?" मी सांगायची. मग ती एक घास जास्त जेवायची.

हळूहळू लोकांना कळलं. चहावाले, पानवाले, ओट्यावर बसणारे रिकामटेकडे, सगळे आमच्या वाटेकडे डोळे लावून बसू लागले. पोरं ओरडू लागली, "बर्गी! बर्गी!" मला अर्थ कळेना. माशीमांनी पान थुंकून, हसू आवरत सांगितला. दोनशे वर्षांपूर्वी नागपूरहून मराठा घोडेस्वार बंगालवर चालून यायचे, पिकं लुटायचे, गावं जाळायचे. ते बर्गी. अजूनही इकडच्या आया रडणाऱ्या पोरांना त्यांचं भय घालून झोपवतात. "आणि तू तर खरंच नागपूरची," माशीमा म्हणाल्या. अण्णांना फार लाज वाटली. ते म्हणाले, आपल्या लोकांनी इथं काय करून ठेवलंय ते बघ, आणि तू त्यात भर घालते आहेस. मला लाज वाटली नाही. उलट त्या दिवसापासून मी लुगडं जास्तच ऐटीत नेसू लागले.

पुढे एका सकाळी डॉक्टर पायी निघाले. सायकल नव्हती. कंपाउंडर पेटी घेऊन मागं चालत होता, यांच्या हातात छत्री. पायी माणसाच्या मागं सायकल कोण लावणार, असा त्यांचा हिशेब असावा. मी लावली. एका अरुंद बोळात मी मागून गेले आणि घंटी वाजवली. एकदाच, आणि अगदी जवळ.

ते दचकून बाजूला उडाले. पाठ भिंतीला टेकली, छत्री पडली, धोतराचा सोगा गटारात भिजला. चेहरा पांढराफटक. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी त्यांच्याकडे. मी एक पाय जमिनीला टेकवला. दुसरा पॅडलवरच ठेवला. मग निघून गेले.

ती सकाळ माझ्या आयुष्यातल्या सुखाच्या सकाळींपैकी एक आहे. कुणाला हे आवडणार नाही. न आवडो.

त्याच संध्याकाळी ते आमच्या घरी आले. माशीमाच त्यांना जिन्यावरून वर घेऊन आल्या, एखादा चोर पकडून आणावा तशा. आईचं प्लास्टर तेव्हा निघालं होतं, पण पाय लाकडासारखा ताठ होता. ती खुर्चीत बसली होती. अण्णा गडबडीनं उठले, या, बसा म्हणाले. आईनं अण्णांकडे बघितल्यावर अण्णाच खाली बसले आणि डॉक्टर उभे राहिले.

"दीदी," डॉक्टर हात जोडून म्हणाले, "माझ्याकडून चूक झाली. क्षमा करा."

आई तोवर ऐकून ऐकून बरंच बंगाली शिकली होती. मला मराठीत म्हणाली, "बुडीची दीदी झाले गं मी." मग त्यांच्याशी हिंदीत बोलली. "उस दिन आप उतरे क्यों नहीं?"

ते म्हणाले, "उतरलो असतो तर थांबावं लागलं असतं."

निदान हे खरं बोलले. अण्णांना वाटलं, झालं, आता मिटलं. ते चहा सांगणार तेवढ्यात आई म्हणाली, "क्षमा मी करणार नाही. पण माझी मुलगी तुमच्या मागं येणार नाही. एक अट आहे. मी माझ्या पायांनी बाजारात जाऊन पिशवी घेऊन घरी येईन, त्या दिवशी तुम्ही सायकलवर बसा. तोवर चालायचं."

डॉक्टरांनी आईच्या पायाकडे बघितलं. डॉक्टरच ते, त्यांनी मनात अंदाज केला असणार. हा पाय फार वाकणार नाही, पण दोन-तीन महिन्यांत बाई काठी घेऊन चालेल. "ठीक आहे," ते म्हणाले आणि कालीमातेची शपथ घेतली.

त्यांचा अंदाज बरोबर होता. दुर्गापूजेच्या सुमारास आई चालू लागली. आधी खोलीत भिंतीला धरून, मग गच्चीवर काठी घेऊन. पाय ओढत, पण चांगली चालायची. गच्चीला फेऱ्या मारायची, कठड्याशी उभी राहून खालची गल्ली बघायची. एक दिवस मी म्हटलं, "आई, उद्या बाजारात जाऊ या? हळूहळू जाऊ."

"नको," ती म्हणाली.

"दुखतंय का?"

"नाही दुखत."

मग माझ्या लक्षात आलं. खाली गल्लीच्या तोंडावरून डॉक्टर छत्री घेऊन पायी चालले होते, घामाघूम, आणि आई कठड्याशी उभी राहून त्यांच्याकडे बघत होती.

ती बाजारात गेली नाही. हिवाळा आला, नवी फुलकोबी आली, नव्या गुळाचे दिवस आले. तिला काय काय आवडायचं ते मला माहीत होतं. भाजी अण्णा आणायचे, जून भेंडी आणि किडकी वांगी. आई मुकाट्यानं चिरायची. मधे एकदा माशीमांनी बातमी आणली की डॉक्टरबाबूंना टालिगंजकडे सायकलवर बघितलं कुणीतरी. दुसऱ्या दिवशी सकाळी मी लुगडं नेसून त्यांच्या दवाखान्यासमोर नुसती जाऊन उभी राहिले. घंटी वाजवायची वेळच आली नाही. त्यांनी बाहेर येऊन हात जोडले. पुन्हा ते सायकलवर दिसले नाहीत.

शेवटी अण्णांना राहवलं नाही. एरवी ते आईवर आवाज चढवत नसत, त्या दिवशी चढवला. "तुला चालता येतं. तू जिन्यानं गच्चीवर जातेस, मी बघितलंय. त्या माणसाला चालायला लावायचं म्हणून तू स्वतःला घरात डांबून घेतलंयस. कुणाचं नुकसान झालं यात?"

"माझं झालंच आहे," आई म्हणाली. "पण आता मी एकटी नाही."

मी तेव्हा आईच्या बाजूची होते. आजही आहे. पण एवढं सांगितलं पाहिजे की त्या हिवाळ्यात ती बारीक झाली. शहर तिच्या हातून निसटत गेलं. कोपऱ्यावरचा कढीपत्तेवाला आहे की गेला, तिला माहीत नव्हतं. ती मला विचारायची आणि मी सायकलवरून एवढ्या जोरात जायची की मलाही ठाऊक नसायचं.

पुढच्या वर्षी अण्णांची बदली परत नागपूरला झाली. निघायच्या दिवशी टॅक्सी गल्लीच्या तोंडाशी उभी होती, आत येत नव्हती. आई जिना उतरली, काठी टेकत, ताठ पाय बाजूनं फिरवत, सगळ्यांच्या देखत गल्ली चालत गेली. माशीमा रडत होत्या. ओट्याओट्यावर माणसं उभी होती. टॅक्सीशेजारी डॉक्टर उभे होते. कुणीतरी त्यांना कळवलं असणार. वर्षभराच्या चालण्यानं ते सडपातळ झाले होते, तब्येत उलट सुधारली होती, याचाही मला राग आला. ते वाकून नमस्कार करून म्हणाले, "दीदी, तुम्ही तर छान चालता आहात. मग आता माझी सुटका?"

आईनं काठी टॅक्सीत ठेवली, दोन्ही हातांनी पाय उचलून आत घेतला आणि मग त्यांच्याकडे बघितलं.

"मी अजून बाजारात गेलेली नाही," ती म्हणाली.

टॅक्सी निघाली.

नागपुरात आई पहिल्याच आठवड्यात भाजीबाजारात गेली. तिथं जायला तिला कसलीच अडचण नव्हती, डॉक्टरांना ते कळायचं नव्हतं. पण मांडी मात्र पुन्हा कधी घालता आली नाही. घरात पंगत बसली की सगळे जमिनीवर आणि आई एका बाजूला खुर्चीवर, ताट मांडीवर घेऊन. लग्नकार्यात नव्या माणसांना वाटे, ही कोण मोठी मानकरीण वर बसलीय.

बऱ्याच वर्षांनी माशीमांची भाची तिच्या नवऱ्याबरोबर नागपूरला आली होती, तेव्हा आमच्याकडे जेवायला आली. जुन्या गल्लीच्या गोष्टी निघाल्या. ती म्हणाली, डॉक्टरबाबू गेले मागच्या साली, तापानं.

आई गवार मोडत होती. तिचे हात थांबले. "शेवटपर्यंत चालत होते का?"

"चालत. सायकल तर त्यांनी केव्हाच कंपाउंडरला देऊन टाकली होती. म्हणायचे, एका मराठी दीदीनं सोडलं नाही मला."

"बरं," आई म्हणाली आणि पुन्हा गवार मोडू लागली. अण्णांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. मी आईचा चेहरा नीट बघितला. त्यावर समाधान होतं, आणि ते बघून मला बरं वाटलं.